डब्याबाहेरचा फोन

४ मार्च

प्रिय धाकटे,

हस्ताक्षर ओळखणार नाहीस, म्हणून आधीच सांगते, वहिनी लिहिते आहे. दर वर्षी तू आईंना तुझा एक फोटो पाठवतेस. त्याच्या मागे एक अक्षर नसतं, पण पाकिटावर तुझा पत्ता मात्र नीट लिहिलेला असतो. तो मी उतरवून ठेवला होता, आज उपयोगी पडला.

घाबरू नकोस, कुणी आजारी नाही. आईंचे गुडघे कुरकुरतात आणि त्यांच्याबरोबर आईही. मी आणि तुझा दादा अजून त्याच लॉन्ड्रीत आहोत. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी येतात, जातात. तो ड्रायरवर असतो, मी मोजणीत. घरी आल्यावर आमच्या दोघांच्याही अंगाला साबणाचा वास येतो, त्यामुळे कुणी कुणाला नावं ठेवत नाही.

तुझा फोन नंबर आमच्याकडे नाही. पण असता तरी हे मी फोनवर बोलले नसते.

गेल्या वर्षी आम्ही काही जणांनी मिळून एक समिती केली. ड्रायरच्या हॉलमध्ये पंखे नाहीत, शिफ्ट ऐन वेळी बदलतात, आणि कुणी एकटं विचारायला गेलं की त्याला घरचा रस्ता दाखवतात. निम्म्याहून जास्त कामगार आमच्या बाजूने आले की कंपनीला आमच्याशी बोलावंच लागतं. तोवर समितीत कोण कोण आहे हे वर कळता कामा नये. कळलं तर एकेकाला वेचून बाहेर काढतील आणि बाकीचे तोंडाला कुलूप लावतील.

कुलपावरून आठवलं. समितीत मला कुलूपकाकू म्हणतात, तेही तोंडावर. एका संस्थेच्या शिबिराला मी जाऊन आले, तेव्हापासून सगळ्यांचे फोन सांभाळायचं खातं माझ्याकडे आहे. अनोळखी लिंक उघडायची नाही. एकच पासवर्ड सगळीकडे वापरायचा नाही. मोर्चाचा फोटो काढला तर त्यात चेहरे नकोत. ग्रुपवरचे मेसेज थोड्या दिवसांनी आपोआप पुसले जातात, तशी सोय मीच केली. सुरुवातीला लोक वैतागले, मग सवय झाली.

मीटिंग मंगळवारी संध्याकाळी, सायकलवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत. दारातच प्रत्येकाने फोन पूर्ण बंद करायचा आणि बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. डबा बाहेर, जुन्या टायरांच्या ढिगाखाली. फोन आतलं ऐकू शकतो, कुठे आहे ते सांगू शकतो, म्हणून तो बंद आणि बाहेर. ही पद्धत मी बसवली. मला तिचा अभिमान होता.

गेल्या आठवड्यात समितीतल्या एकेकाला ऑफिसात बोलावलं. मला सुपरवायझर म्हणाला, ‘काय काकू, मंगळवारी संध्याकाळी भेटीगाठी जोरात चालतात म्हणे.’ मी म्हटलं, ‘भजनाला जाते.’ तो म्हणाला, ‘मास्तरही तिथेच भजनाला असतो वाटतं.’ मास्तर म्हणजे आमचा घडीमशीनवरचा माणूस, समितीचा म्होरक्या. इस्त्रीवरच्या अक्काला तर कामावरूनच काढलं. कारण विचारलं तर म्हणाले, काम कमी आहे.

सगळ्यांना बोलावलं. फक्त तुझ्या दादाला नाही.

आता माझा प्रश्न. तू त्याच्याशी का बोलत नाहीस ते मला माहीत आहे. तू घर सोडून गेल्यावर कुठे राहतेस ते त्याने बाबांना सांगितलं, बाबा तिथे पोचले, आणि तुझ्या घरमालकिणीसमोर जे व्हायचं ते झालं. मला एवढंच सांग. त्याने ते मुद्दाम सांगितलं होतं, की त्याच्या तोंडून निसटलं होतं? समितीसाठी विचारते आहे, दुसरं काही नाही.

तुझी वहिनी


१३ मार्च

प्रिय धाकटे,

तुझं पत्र मिळालं. इतक्या वर्षांनी चार ओळी, आणि त्यातही उत्तर एकही नाही, नुसते प्रश्न. तू लहानपणीही अशीच होतीस म्हणे. ‘जेवलीस का’ विचारलं की ‘का’ म्हणायचीस.

पाकीट आधी आईंच्या हातात पडलं. अक्षर पाहून त्या खुर्चीत बसल्या. मग त्यावर माझं नाव आहे हे दिसलं, तेव्हा त्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि तांदूळ निवडायला घेतले. आत काय आहे, विचारलं नाही. मी वाचत होते तेवढा वेळ त्या एकच मूठ निवडत होत्या.

तुझे प्रश्न घेते.

हो, हजेरीचं ॲप आहे. प्रत्येकाच्या स्वतःच्या फोनवर टाकायला लावलं आहे. त्यावर आलो-गेलो नोंदवायचं, आणि शिफ्ट बदलली की त्यावरच कळतं. काही दिवसांपूर्वी त्याने कसलीशी परवानगी मागितली होती, ‘नेहमी चालू’ अशी. दिल्याशिवाय हजेरी लागत नव्हती, म्हणून सगळ्यांनी दिली.

हो, सगळे एकाच वेळी फोन बंद करतात, दारात, माझ्यासमोर. मी पडदा काळा झालेला बघते आणि मगच आत सोडते.

नाही, तुझ्या दादाचा फोन डब्यात नसतो. तो फोन आणतच नाही. दर वेळी रिकामे हात हलवत येतो आणि म्हणतो, घरी राहिला. कुलूपकाकूचाच नवरा नियम मोडतो म्हणून लोक हसायचे. मलाही राग यायचा. आता कुणी हसत नाही. मास्तरने परवा सगळ्यांसमोर हिशेब मांडला, ‘मी कुणावर आरोप करत नाही. पण आपले सगळ्यांचे फोन डब्यात, याचा एकट्याचा बाहेर. बोलावणं आपल्या सगळ्यांना, याला एकट्याला नाही. तुम्हीच काय ते समजा.’

तो हे सगळं उभ्याने ऐकत होता. मास्तरने त्याला थोडे दिवस न येण्याची विनंती केली. मास्तर विनंतीच करतो, पण त्याची विनंती म्हणजे फळ्यावर लिहिलेला गृहपाठ. तुझा दादा ‘बरं’ म्हणाला, चपला घातल्या आणि गेला. फोन घरी का ठेवतोस, हे कुणीतरी विचारलं होतं. त्यावर तो म्हणाला, ‘असंच.’

‘असंच’ हे काय उत्तर आहे?

मी काही बोलले नाही. त्याची बाजू घेतली असती तर म्हणाले असते, नवऱ्यासाठी बोलते. विरुद्ध बोलले असते तर रात्री त्याच घरात स्वयंपाक करायचा होता. म्हणून गप्प राहिले, असं मी अक्काला सांगितलं. ती म्हणाली, ‘बाई, नोकरी माझी गेली, आणि तोंड तुझं उतरलंय.’

घरी आम्ही कामापुरतं बोलतो. पाणी आलं का, आईंची गोळी दिली का, एवढंच.

माझ्या प्रश्नाचं उत्तर दे.

वहिनी


२२ मार्च

प्रिय धाकटे,

या वेळी पाकिटावर पत्ता नव्हता. कारण आत वाचल्यावर कळलं. तू अशाच एका हजेरीचं ॲप बनवणाऱ्या कंपनीत काम करतेस, हे मला माहीत नव्हतं. ठिकठिकाणचे सुपरवायझर फोन करतात आणि कुठलं बटण दाबायचं ते तू सांगतेस. आमचं ॲप तुमच्या कंपनीचं नसलं तरी असली गोष्ट बाहेर सांगितली म्हणून तुझी नोकरी जाऊ शकते, हेही कळलं. तरी तू सांगितलंस.

तुझं पत्र मी इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं आहे. ‘दादाच्या पोटात काही राहत नाही, हे खरं. बाबांनी दोनदा विचारलं आणि त्याने सांगून टाकलं. ते मी विसरलेले नाही. पण हे त्याने केलेलं नाही.’

पुढचं मी माझ्या शब्दांत लिहून बघते, म्हणजे मला समजलं की नाही ते कळेल. ते ॲप शिफ्ट संपल्यावरही फोन कुठे आहे ते पाहत असतं. सुपरवायझरच्या पडद्यावर आमचा प्रत्येकाचा एक ठिपका असतो. फोन चालू असला की हिरवा. बंद केला की राखाडी होतो, आणि शेवटी जिथे होता तिथेच थांबून राहतो. मंगळवारी संध्याकाळी सायकलच्या दुकानावर सगळे राखाडी ठिपके एकावर एक बसतात, आणि दोन तासांनी एकदम हिरवे होतात. दर मंगळवारी, नेमाने. कुणी खबर द्यायची गरजच नाही. आणि तुझ्या दादाचा ठिपका तेवढा आमच्या घरावर हिरवा. म्हणजे कंपनीच्या लेखी तो घरी बसून पंख्याचा वारा घेतोय.

आम्ही गुपचूप भेटतो हे त्यांना आम्हीच दाखवून देत होतो. आणि आम्ही म्हणजे मी.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला तुझाच राग आला. ही कोण सांगणार, शिबिराला मी गेले होते, असं वाटलं. मग शिबिराची वही काढली. त्यात बाईंनी सांगितलेलं माझ्याच अक्षरात होतं, ‘फोन बंद करून सोबत नेऊ नये, शक्यतो घरी ठेवावा.’ त्याच्यापुढे मी कंसात लिहिलं होतं, ‘लोक ऐकणार नाहीत, डबा बरा.’ लोकांना डबा आवडेल, डोळ्यांना दिसेल, असं मला वाटलं होतं. आवडलाच होता.

आणखी एक सांगते, हे कुणाला सांगितलेलं नाही. मी पहिल्या पत्रात समितीसाठी विचारते म्हटलं, ते खोटं होतं. मला वाटलं होतं की त्यानेच सांगितलं. तो आंघोळीला गेला असताना मी त्याचा फोन उघडून पाहिला. दुसऱ्याच्या फोनला हात लावायचा नाही, नवऱ्याच्याही नाही, हे मीच सगळ्या बायकांना शिकवते. उघडायला काही करावंच लागलं नाही, कारण त्याच्या फोनला कुलूपच नाही. कुलूपकाकूच्या घरात! मागे एकदा यावरून भांडण झालं होतं, तेव्हा तो म्हणाला होता, ‘आईला उघडता यायला हवा.’ आत काहीच सापडलं नाही. आवाज मात्र पूर्ण वर नेऊन ठेवलेला. काही नाही सापडलं तरी माझा संशय गेला नाही. मला वाटलं, पुसलं असेल. पुसायला मीच शिकवलं होतं.

तू म्हणतेस ते मी मास्तरला नुसतं सांगून उपयोग नाही. म्हणेल, नणंदेने भावाला वाचवलं. तू नाव सांगू नकोस म्हटलंस, आणि ते मी सांगणारही नाही. पण तू सुचवलेला प्रयोग करून बघायला काय हरकत आहे? या मंगळवारनंतरच्या मंगळवारी करतो आहोत. हे पत्र वाचून झालं की जाळ. तुझं मी जाळलं.

वहिनी


३ एप्रिल

प्रिय धाकटे,

झालं ते क्रमाने सांगते, मध्ये हसू नकोस.

मोजणीत माझ्यासोबत दोघी आहेत. एक मोठी, एक तिच्याहून मोठी. समितीशी त्यांचा काडीचा संबंध नाही. मी त्यांना सगळं खरं सांगितलं, बोलावणं येऊ शकतं हेही. फसवून नेलं असतं तर माझ्यात आणि सुपरवायझरमध्ये फरक तो काय राहिला? मोठी म्हणाली, ‘मला चष्मा करायचाच आहे.’ तिच्याहून मोठी म्हणाली, ‘इतकी वर्षं चादरी मोजते, ऑफिसात कधी कुणी बोलावलं नाही. एकदा तरी बोलावू दे.’

मंगळवारी संध्याकाळी आम्ही तिघी चष्म्याच्या दुकानात गेलो. मीटिंगच्या वेळेला फोन बंद केले आणि बाकावर बसून राहिलो. दोन तास. दुकानदाराने मोठीचे डोळे तपासले, मग तिच्याहून मोठीचे तपासले, मग कंटाळून माझेही तपासले. मलाही चष्मा लागला आहे.

त्याच वेळी समिती सायकलवाल्याकडे बसली होती. सगळ्यांचे फोन घरी, चालू. कुणाचा मुलगा त्यावर खेळत होता, कुणाचा नुसताच फडताळावर पडला होता. डबा रिकामा. मास्तरला हे मुळीच पटलं नव्हतं. तो म्हणाला, ‘एकदा करून बघू. पण मग तरी मानाल ना, की खबऱ्या आहे?’ मी म्हटलं, मानीन.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी आम्हा तिघींना बोलावणं आलं. सायकलवाल्याकडे बसलेल्या एकालाही नाही. सुपरवायझरने दार लावून घेतलं आणि आवाज बारीक करून विचारलं, ‘जागा बदलली वाटतं. चष्म्याच्या दुकानात कसली मीटिंग होती?’

चष्म्याच्या दुकानाचं नाव आमच्यापैकी कुणी त्याच्यापुढे काढलं नव्हतं. तिच्याहून मोठी तर रंगात आली होती. ती म्हणाली, ‘जवळचं दिसत नाही साहेब, लांबचं दिसतं. तुमचं उलटं आहे का?’ त्याने आम्हाला बाहेर घालवलं.

संध्याकाळी मास्तरला हे जसंच्या तसं सांगितलं. तो बराच वेळ बोटांनी घडी घालत होता, हातात कापड नसताना. मग म्हणाला, ‘म्हणजे मी ड्रायरवाल्याला...’ आणि वाक्य सोडून दिलं. मास्तरने वाक्य सोडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

काल तो घरी आला. तुझ्या दादासमोर बसला, चहा घेतला, आमचा नळ गळतो त्यावर बोलला, वॉशर कुठला चांगला ते सांगितलं. निघताना दारात म्हणाला, ‘मंगळवारी ये.’ तुझा दादा म्हणाला, ‘येतो.’ पुरुषांची माफी एवढ्यात उरकते, मला ते कधी जमलं नाही. मी त्याला सगळं सांगितलं, संशय घेतला तेही आणि फोन उघडला तेही. तो म्हणाला, ‘मला माहीत होतं. चार्जर उलट्या बाजूने लावला होतास.’ आणि जेवायला बसला. त्याला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

अक्काला अजून परत घेतलेलं नाही. एक वकीलबाई तिचं काम बघते आहे. शिफ्ट संपल्यावरही कंपनी लोकांवर नजर ठेवते, ही तक्रार आता समितीच्या मागण्यांत पहिली आहे, पंख्यांच्याही वर. आणि ती कळल्यापासून मोजणीतल्या त्या दोघींसकट बरेच जण आमच्याकडे आले. तुझं नाव कुठेही नाही.

तू विचारलं आहेस, दादा असल्या बाबतीत कधीपासून इतका शहाणा झाला, की फोन बरोबर घरी ठेवत होता? मलाही तेच कळत नाही. विचारलं तर पुन्हा ‘असंच’.

वहिनी


१२ एप्रिल

प्रिय धाकटे,

मला कळलं. त्याने सांगितलं नाही. तुझ्या पत्रात लिहिलंस की दादाच्या पोटात काही राहत नाही. एक गोष्ट राहिली होती.

मंगळवारी तो मीटिंगला परत आला. जाताना त्याने फोन खिडकीपाशी ठेवला, आवाज वर आहे ना ते पाहिलं आणि आईंकडे बघून नुसती मान हलवली. आईंनीही हलवली. हे दर मंगळवारी होत असणार, आणि मी त्याच खोलीत डब्याचं झाकण पुसत उभी असणार. परत आल्यावर मी आईंपाशी बसले आणि विचारलं.

आई म्हणाल्या, ‘तुला नाही सांगितलं त्याने? बाबा गेले तेव्हाची गोष्ट. सारखे लोकांचे फोन येत होते, सांत्वनाचे. कंटाळून याने एका संध्याकाळी फोन बंद करून टाकला. सकाळी उघडला तर मेसेज, कुठल्याशा नंबरवरून दोनदा फोन येऊन गेलाय म्हणून. याने उलट लावला. तर तो एका दुकानातला फोन. दुकानदार म्हणाला, एक मुलगी आली होती, फोन लागला नाही म्हणून थोडा वेळ उभी राहिली आणि गेली.’

मी विचारलं, ‘ती धाकटीच कशावरून?’

‘दुसरी कोण उभी राहील?’ आई म्हणाल्या.

तेव्हापासून त्याने फोन एकदाही बंद केलेला नाही. नंबर बदलला नाही. कुलूप लावलं नाही, कारण तो नसला तर आईंना उघडता यायला हवा. आणि मी डबा आणला, दारातच बंद करा म्हणाले, तेव्हा नियम माझा म्हणून तो वाद न घालता फोन घरीच ठेवायला लागला. खबऱ्या म्हणवून घेतलं तरी बोलला नाही. तुझी गोष्ट पुन्हा त्याच्या तोंडून बाहेर पडायला नको होती, असं मला वाटतं. विचारलं तर तो ‘असंच’ म्हणेल, म्हणून विचारत नाही.

मला फार वाईट वाटलं, ते तुला सांगून ठेवते. त्याच्यासाठी, आणि थोडं माझ्यासाठीही. एवढी सगळ्यांच्या फोनवर लक्ष ठेवणारी मी, घरातला एक फोन कशासाठी वाजायची वाट बघतोय ते मला दिसलं नाही.

त्या दुकानात उभी राहिलेली मुलगी तू होतीस का, हे मी विचारत नाही. नसलीस तरी आईंना तसं सांगू नकोस.

नंबर इथे लिहीत नाही. कुलूपकाकू कागदावर नंबर लिहीत नाही, आणि तुला तो पाठ आहे. तुझ्या कामाच्या फोनवरून लावू नकोस, का ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मंगळवारी आम्ही दोघं मीटिंगला असू आणि फोन खिडकीपाशी असेल. आईंना खुर्चीतून उठून यायला वेळ लागतो, त्यात गुडघे. लगेच ठेवून देऊ नकोस. वाजू दे.

तुझी वहिनी